मालनच्या हातचं

डोंबिवलीला आगगाडीचं ठेशन होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या साली चैत्राच्या उधाणानं कोपरच्या खाजणाचा, खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा, बांध फुटला आणि खाडीचं खारं पाणी भाताच्या जमिनीत घुसलं. पुढचं उधाण यायच्या आत बांध बांधून झाला नाही तर गावात दाणा पिकणार नव्हता. धोंडीबा पाटलानं घरटी दोन-दोन माणसं कामाला लावली. पंढरीच्या घरातून त्याची बायको मालन आणि त्याची आई ठमाबाई अशा दोघी जात होत्या. पंढरी दिवसभर मिठागरावर असायचा, संध्याकाळी घरी यायचा. मिठाचा हंगाम टाकून त्याला बांधावर येता येत नव्हतं.

ठमाबाई पन्नाशीची. अंगानं जाड, पण कामाला वाघीण. गुडघाभर चिखलात उभी राहून ती पाटी भरून द्यायची आणि मालन ती डोक्यावर घेऊन बांधावर नेऊन ओतायची. चिखल केसांतून मानेवर, मानेवरून पाठीत उतरायचा आणि उन्हानं तिथंच वाळून कातडी ओढायचा. सासू-सुनेचं बरं होतं. मालन खडवलीची. खाडीच्या कामाची सवय तिला नव्हती, ती ठमाबाईनंच लावली. ओरडायची, पण पाटी जड वाटली तर गुपचूप दोन मुठी चिखल कमी भरायची.

आदल्या दिवशी पाटलाच्या लेकाची हळद झाली होती. बोकड पडलं होतं, तेलाचे वडे झाले होते. ठमाबाई पोटभर जेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावरच्या बाभळीखाली मालननं आणलेली तांदळाची भाकर आणि कोलंबीचं कालवण तिनं खाल्लं, घटाघटा पाणी प्याली, पदर खोचला आणि पुन्हा चिखलात उतरली.

थोड्या वेळानं मालन रिकामी पाटी घेऊन आली तर सासू जागेवर नव्हती. ती बांधाच्या उतारावर गुडघ्यांवर बसली होती. एक पाटी पालथी घालून तिच्यावर पोट दाबून धरलं होतं. तोंड राखेसारखं झालं होतं.

"आये, काय झायला?"

"मालन… पोटात सली घुसवली गो कोनी. पार पाठीतनं बाहेर आली."

मालननं तिला उताणी निजवायला हात लावला तशी ती किंचाळली. उताणी होईचना. पुढं वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली की जरा दम निघायचा. मग तिला ओकारी झाली. जेवलेलं पडलं, मग हिरवंपिवळं कडू पाणी पडलं, मग काहीच पडेना तरी ओकारी थांबेना. ओकल्यावर माणसाला मोकळं वाटतं, हिला तेवढंही वाटत नव्हतं.

बायांनी पहिल्यांदा तिच्या काखेत आणि जांघेत हात घालून बघितलं. कल्याणला प्लेगानं घरंच्या घरं ओस पडली होती, त्यामुळे कुणी नुसतं कण्हलं तरी लोक आधी गाठ शोधत. गाठ नव्हती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मंग जेवल्या-जेवल्या असं काय झालं?"

मालननं ते ऐकलं, पण त्यात आपल्यापुरतं काही आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं आणि आणखी दोघींनी ठमाबाईला झोळीत घालून घरी आणलं.

घरी मालननं जे सुचेल ते केलं. पोटावर गरम विटेचा शेक दिला. ठमाबाईला अधूनमधून उजव्या बरगडीखाली कळ यायची, तेव्हा ती असाच शेक घ्यायची आणि तासा-दोन तासांत उठून कामाला लागायची. यावेळी शेकानं काही झालं नाही. संध्याकाळी मालननं पेज केली, अंगात ताकद यावी म्हणून तिच्यात तुपाची धार सोडली आणि सासूच्या तोंडाला लावली. चार घोट गेले. थोड्या वेळानं ठमाबाई पुन्हा वाकडीतिकडी होऊन ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी दूध दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माशाचं पातळ सार दिलं. पुन्हा तेच.

कळ लागल्याचा निरोप गेला होता म्हणून शहाडहून गोदूबाई आली. गोदूबाई म्हणजे पंढरीची थोरली बहीण. जिभेची तिखट, पण आईवर तिचा जीव. आली तीच आईच्या उशाशी बसली आणि बसून नुसती बघत राहिली. मालननं वाटी आणली, आईनं दोन घोट घेतले, आई किंचाळली. संध्याकाळी पुन्हा वाटी, पुन्हा किंकाळी.

गोदूबाईनं आईची पापणी खाली ओढून बघितली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

ती उठली, पडवीत आली आणि मिठागरावरून नुकत्याच आलेल्या भावाला म्हणाली, "पंढरी, मी दोन दिस बघतंय. हिच्या हातचं पोटात गेलं का आय वरडते. नाय गेलं का गप पडते. हिला इचार, काय घालते ती."

मालनच्या हातात वाटी होती. ती तशीच राहिली. तिनं पंढरीकडं बघितलं. पंढरीच्या पायांना मिठाच्या पाण्यानं भेगा पडल्या होत्या. त्या भेगांकडं बघत तो म्हणाला, "मना काय समजत नाय." आणि पाय धुवायला विहिरीवर निघून गेला.

गावात गोष्ट पसरायला काय लागतं! दुसऱ्या सकाळी पाटलाच्या ओट्यापुढं मालनला उभं केलं. बांधावर जाणारी माणसं पाट्या-कुदळी घेऊन तिथंच थांबली. पाटलानं विचारलं, "म्हातारीशी काय भांडान झालं होतं का तुजं?"

"नाय."

"मंग तुज्याच हातचं का बाधतं?"

बाधत तर होतंच. मालननं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती म्हणाली, "त्याच टोपातलं मी खाल्लं. यांनी खाल्लं. आमाला काय नाय झालं."

पाटलानं पंढरीकडं बघितलं. "खाल्लंस का रं?"

पंढरीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "खाल्लं असंल. ध्यानात नाय."

त्या दिवसापासून मालनला चुलीला शिवायची बंदी झाली. तिनं मागच्या पडवीत बसायचं, बांधावर एकटीनं दोघींचं काम करायचं. तिच्या डोक्यावरची पाटी घ्यायलासुद्धा बांधावर कुणी हात पुढं करेना. ती उकिडवी बसून स्वतःच पाटी उतरवायची. पाणी प्यायला गेली तर बाया आपापली मडकी पदराखाली घ्यायच्या. आणि गोदूबाईनं, घरातल्या कशात काय मिसळलंय कुणाला ठाऊक म्हणून, आईला अन्न देणंच बंद केलं. स्वतः विहिरीवरून आणलेलं पाणी तेवढं चमच्या-चमच्यानं घालायची.

आणि ठमाबाई बरी होऊ लागली.

पहिल्या दिवशी ओकारी थांबली. दुसऱ्या दिवशी ती कुशीवर वळली. त्याच्या पुढच्या दिवशी भिंतीला टेकून बसली आणि बांध कुठवर आला म्हणून विचारलं. आळीतल्या बाया येऊन बघून गेल्या. जाताना मागच्या पडवीकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावले. आता कुणाला काही विचारायचं उरलंच नव्हतं.

मालनला तर भोवंडल्यासारखं झालं. सासू बरी होतेय याचा आनंद मनात यायचा आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरा विचार यायचा. आपण दिलं तेव्हा ती मरत होती, आपण थांबलो तेव्हा ती उठली. मग आपल्या हातात आहे तरी काय? तिनं राख घेऊन हात घासले. नखं दगडावर घासून बारीक केली. तळवे नाकाशी धरून वास घेतला. चिखलाचा आणि राखेचा वास आला. आपण खरंच काही केलं आणि आपल्यालाच ते ठाऊक नाही, असं असतं का कुठं? तिला रडू येईना. नुसते डोळे कोरडे होऊन चुरचुरत राहिले.

त्याच्या दुसऱ्या सकाळी ठमाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. "गोदे, कायतरी खायला दे गो. पोट पाठीला लागलं."

गोदूबाईला हर्ष मावेना. तिनं शेजारून रवा आणला, शहाडहून आणलेलं घरचं तूप काढलं आणि सढळ हातानं शिरा केला. दुपारसाठी कोंबडी लावली. वास मागच्या पडवीत आला तशी मालन दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत पाय न टाकता म्हणाली, "बाय, लय दिसांचं उपाशी पोट हाय. आधी पातल पेज दे. तूप नको."

"तू मना शिकवतेस?" गोदूबाई तिच्याकडं न वळताच म्हणाली. "तुज्या पेजेनं काय केलं ते बघितलं सगल्यांनी."

ठमाबाईनं शिरा खाल्ला. बोटं चाटली. दुपारी कोंबडीचा रस्सा भाकरीत कुस्करून खाल्ला. मग दाराकडं बघून म्हणाली, "मालन कनं हाय? तिला बोलव. ती काय करनार मना? उगाच पोरीला तरास." गोदूबाईनं उष्टी ताटली उचलली आणि चुलीकडं गेली.

मालन तेव्हा बांधावर होती. तिला हे कळलं ते नंतर.

सूर्य खाडीपलीकडं कलला होता. मालन अंगावरचा चिखल धुऊन आळीत शिरली आणि तिला ती किंकाळी ऐकू आली. पहिल्या दिवसाच्या किंकाळीहून ती निराळी होती. माणसाची वाटत नव्हती. मालन धावली. उंबऱ्याचं भानच राहिलं नाही. थेट आत गेली. ठमाबाई अंथरुणावर दुमडली होती. अंग थंडगार आणि घामानं निथळत होतं. श्वास कुत्र्यासारखा वर-वर लागला होता. पोट फुगून ढोलासारखं झालं होतं, हात लावू देत नव्हती. गोदूबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या बोटांना अजून तुपाचा वास येत होता.

कुणी मालनला बाहेर काढलं नाही. मालननं सासूला पुढं वाकवून आपल्या खांद्यावर घेतलं आणि तशीच बसून राहिली. उजाडल्यावर लुगडं बदलताना सगळ्यांनी बघितलं: बेंबीभोवती आणि कुशीवर कातडी काळीनिळी पडली होती, जशी मार खाल्ल्यावर पडते. तिला तर कुणी बोट लावलं नव्हतं. बाया किंचाळून मागं सरल्या. सकाळची उन्हं दारात आली तेव्हा ठमाबाईचा श्वास मालनच्या मानेवर लागायचा थांबला.

"इख!" गोदूबाई एकदम ओरडली. "पान्यात कालवलं तिनं! रव्यात कालवलं!"

पाटलानं कल्याणच्या फौजदाराला वर्दी दिली. फौजदार आला, त्यानं प्रेत बघितलं, काळेनिळे डाग बघितले आणि प्रेत ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. भरतीची वेळ बघून होडी सोडली. मधोमध पाल्यानं झाकलेली ठमाबाई. एका टोकाला पंढरी आणि गोदूबाई. दुसऱ्या टोकाला मालन आणि शिपाई. दोन्ही काठांना मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना टोचत होते. मालनच्या मनात एकच होतं: आता आयला कापणार. जिच्या अंगाला आपण हळुवार हात लावत होतो तिला फाडून आत बघणार. आणि आत जर खरंच काही सापडलं तर?

दवाखान्याच्या व्हरांड्यात फौजदारानं बाक ओढलं. "म्हातारीनं शेवटचं जेवण केलं ते कुणी रांधलं होतं?"

पंढरी पायांकडं बघत होता. मालननं ननंदेकडं बघितलं. गोदूबाईच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिचे हात पदराखाली आत-बाहेर होत होते, जणू ते कुठं लपवावेत तिला कळत नव्हतं. ते हात मालनला ओळखीचे वाटले.

"बायनं रांधलं," मालन म्हणाली. गोदूबाईनं डोळे गच्च मिटले. "बायचा आयवर जीव होता. तिनं काय नाय केलं. मीबी काय नाय केलं. आमच्या दोघींच्या हातचं बाधलं साहेब, म्हंजी दोस हातात नाय."

फौजदारानं तिच्याकडं निरखून बघितलं. पाटलानं वर्दीत सांगितलेली गोष्ट अशी नव्हती.

बऱ्याच वेळानं आतून दवाखान्यातले असिस्टंट त्र्यंबकराव बाहेर आले. डोक्याला पागोटं, अंगात कोट, हात धुऊन लाल झालेले. त्यांच्या हातात पांढरी बशी होती. बशीत चिंचोक्याएवढे, काही वाटाण्याएवढे, हिरवट पिवळे खडे होते.

"विष नाही," ते फौजदाराला म्हणाले. "मोठ्या डॉक्टरसाहेबांनी तसं लिहून दिलं आहे." मग त्यांनी या तिघांकडं वळून विचारलं, "म्हातारी दारू घ्यायची का?"

"सनासुदीला घोटभर," पंढरी म्हणाला.

"दारूनंही हा आजार होतो म्हणून विचारलं. हिला या खड्यांनी झाला." त्यांनी बशी पुढं केली. "हे तिच्या पित्ताच्या पिशवीत होते. वर्षानुवर्षं साठले असतील. तेलकट जेवणानंतर उजव्या बाजूला कळ यायची का तिला?"

"यायची," मालन म्हणाली. "शेक घ्यायची."

"ती या खड्यांचीच. जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून, जिभेसारखा लांबट एक मांसाचा पिंड असतो. साहेबांकडे त्याला इंग्रजी नाव आहे, मला आपल्या बोलीतलं नाव ठाऊक नाही. अन्न पचवायचा रस तो करतो. एक खडा सरकून त्याच्या नळीच्या तोंडाशी अडकला. रसाला वाट राहिली नाही. साहेब म्हणतात, अलीकडे तिकडचे डॉक्टर असं सांगू लागलेत की मग तो रस त्या पिंडालाच पचवायला लागतो. आत बघितलं तर सगळं काळं पडून विरघळलं होतं. रक्त झिरपत कातडीखाली आलं. ते डाग त्याचेच."

मालनला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "म्हंजी… आयनं सोतालाच खाल्लं?"

त्र्यंबकरावांनी बशीकडं बघितलं. "तसंच म्हणावं लागेल."

मग गोदूबाई पहिल्यांदाच बोलली. "साहेब, मधी ती बरी झाली होती. उपाशी ठेवली तवा. उठून बसली होती. ती कशी?"

"उपाशी ठेवली होतीत?" त्र्यंबकरावांना नवल वाटलं. "फार चांगलं केलंत. या आजाराला तेवढीच तर मात्रा आहे. पोटात अन्न गेलं की तो रस उसळतो, म्हणून अन्न तोडायचं, पाणी थोडं थोडं द्यायचं आणि पिंडाला विसावा द्यायचा. पुष्कळदा खडा आपोआप सुटतो, माणूस वाचतं. मग हळूहळू पातळ द्यायचं, तेल-तूप अगदी वर्ज्य. तुम्ही मध्येच काय दिलंत?"

गोदूबाई खांबाला धरत धरत खाली बसली आणि बसल्या जागी तोंड उघडून राहिली. रडण्याचा आवाज बाहेर येईचना.

त्र्यंबकरावांनी तिच्याकडं बघितलं, मग मालनकडं. त्यांना काहीतरी उमगलं असावं. ते घाईनं म्हणाले, "खडे आत होतेच. आज नाही तर उद्या… सांगता येत नाही काही," आणि बशी घेऊन आत गेले.

ठमाबाईला ठाण्याच्या खाडीकाठीच अग्नी दिला. परतीच्या होडीत शिपाई नव्हता, पाल्याचा ढीग नव्हता. होडी हलकी झाली होती आणि लाटेवर डुलत होती. गोदूबाई तळाशी अंगाचं मुटकुळं करून पडली होती.

पंढरी वल्ह्यावर बसला होता. मालन त्याच्यासमोर बसली. मग तिनं विचारलं, "पाटलाम्होरं तुमी ध्यानात नाय म्हनलंत. त्याच टोपातलं तुमी दोनदा मागून खाल्लं होतं. ध्यानात कसं नाय?"

पंढरीचं वल्हं थांबलं. "ध्यानात होतं," तो म्हणाला.

"मंग?"

"मना वाटलं…" तो खाडीकडं बघत राहिला. "मना वाटलं, असंल. केलं असंल तू."

मालनला त्या दिवसांत पुष्कळ धक्के बसले होते. गावानं तिला वाळीत टाकलं, सासू तिच्या खांद्यावर गेली, माणसाचं पोट माणसाला खातं हे तिनं ऐकलं. पण हे शब्द ऐकले आणि तिच्या कानांत एकदम दडे बसले. तीन वर्षं ज्या माणसाच्या पाठीवरचं मीठ तिनं रोज संध्याकाळी पाणी ओतून धुतलं होतं, तो समोर बसला होता आणि त्याचा चेहरा तिला ओळखता येत नव्हता. तो घाबरला असेल, लाजला असेल, पाटलाला भ्याला असेल, अशा किती वाटा तिनं त्याच्यासाठी मनात करून ठेवल्या होत्या. हीच एक केली नव्हती.

ती उठून गोदूबाईच्या उशाशी जाऊन बसली.

कोपरच्या काठाला होडी लागली तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. काठापर्यंत मांडीएवढा चिखल उघडा पडला होता. नवा बांध वर काळा दिसत होता आणि त्याच्यावर गावची माणसं थांबली होती. धोंडीबा पाटील होता, बाया होत्या. बातमी त्यांच्या आधीच येऊन पोचली होती. बायांपैकी कुणी मडकं लपवलं नाही, पण कुणी खाली उतरूनही आलं नाही.

पंढरी चिखलात उतरला आणि त्यानं मालनपुढं हात केला. मालननं लुगडं वर खोचलं आणि होडीच्या दुसऱ्या बाजूनं उतरली. मग वाकून तिनं गोदूबाईच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ, बाय."

गोदूबाईनं डोळे उघडले. वर बांधाकडं बघितलं, गाव बघितला आणि मान हलवली. "मी नाय येत. मना हितंच राहू दे. सगले बघतान माज्याकडं."

"बघतान," मालन म्हणाली. "माज्याकडंबी बघत होते. काय मरत नाय मानूस. ऊठ."

तिनं ननंदेच्या काखेत हात घातला, तिला होडीतून उचलून उभी केली आणि कमरेला घट्ट धरलं. गोदूबाईचं सगळं वजन तिच्यावर आलं. चिखलातून एकेक पाय उपसत दोघी बांधाकडं चालू लागल्या. पंढरी मागं, होडीजवळच उभा होता. मालननं मागं वळून बघितलं नाही.